थोरलीला रंग देताना

कोणतीही वस्तू घ्यायची तर अभ्यास करून घ्यावी, या मताचा मी माणूस आहे. लोक घर घेताना करत नाहीत इतका अभ्यास मी एअरब्रश घेताना केला. तब्बल तीन महिने! एकेरी घोड्याचा घ्यावा की दुहेरी? रंगाची वाटी वर असावी की बाटली खाली लोंबावी? सुई किती बारीक हवी? शेवटी शेवटी मला सुयांची स्वप्नं पडायला लागली. मी शाळेत भूगोल शिकवतो. पण त्या तीन महिन्यांत कुणी वाऱ्यांबद्दल प्रश्न विचारायचा अवकाश, मी हवेच्या दाबावर असा काही घसरायचो की वर्गातली पोरं घंटेची वाट बघत बसायची.

ज्यांना एअरब्रश ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेनाएवढी एक बंदूक असते. मागच्या नळीतून कॉम्प्रेसरने दाबलेली हवा येते, वाटीतून रंग येतो आणि टोकातून धुक्यासारखा फवारा निघतो. कुंचल्याने रंगवलेलं खेळणं खेळणंच दिसतं, एअरब्रशने रंगवलेलं खरं वाटतं. आणि मला माझं इंजिन खरं वाटायला हवं होतं.

कारण ते इंजिन बाबांचं होतं. बाबा एकतीस वर्षं एकाच वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर होते. त्या इंजिनाला ते 'थोरली' म्हणायचे, आणि आईला 'धाकटी'! आई चिडायची, "जा, थोरलीकडेच जेवा." मी आठ महिने खपून थोरलीची बत्तिसाव्या हिश्शाची प्रतिकृती बनवली होती, चाकं फिरणारी, हातभर लांब. उरला होता फक्त रंग. आईचा पंचाहत्तरावा वाढदिवस तीन आठवड्यांवर आला होता आणि त्या दिवशी सगळ्यांसमोर ती तिच्या हातात ठेवायची, असा माझा गुप्त बेत होता.

बेतामागे आणखी एक कारण होतं, आणि ते गमतीचं नाही. निवृत्त झाल्यावरही बाबा रोज सकाळी ड्रायव्हरचा काळा कोट चढवायचे, टोपी घालायचे आणि "थोरलीला बघून येतो" म्हणून रेल्वे यार्डाकडे निघायचे. शेवटच्या थंडीत डॉक्टरांनी बाहेर पडायला सक्त मनाई केली. ऐकतील ते बाबा कसले! मग आईने त्यांची टोपी लपवली. टोपीशिवाय ते उंबरा ओलांडत नसत. आठ दिवस बाबा टोपी शोधत होते. कपाटं झाली, गाद्यांखाली झालं, अगदी पिठाच्या डब्यातसुद्धा बघून झालं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "मला काय माहीत?" नवव्या दिवशी दुपारी मागच्या खोलीतल्या खुर्चीत, अंगात कोट आणि डोकं उघडं, असे ते गेले.

याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. टोपी अजून आईच्या ट्रंकेत होती, आणि किल्ली तिच्या गळ्यातल्या दोऱ्यात. हे तिने फक्त मला सांगितलं होतं, तेही एकदाच. मागच्या खोलीत तिने पुन्हा पाऊल ठेवलं नव्हतं. भिंतीवर वर-खाली दोन खुंट्या आहेत. खालच्या खुंटीवर कोट तसाच लटकत होता आणि वरची, टोपीची, रिकामी होती. आई हसायचं विसरली होती. मला वाटलं, थोरली पाहून तरी हसेल.

तर, दुकान!

दुकानदार इतका हळू बोलायचा की जणू शेजारच्या खोलीत कुणी आजारी आहे.

"पहिल्यांदाच घेताय?"

"हातात पहिल्यांदा. डोक्यात तीन महिने आहे!"

"मग एकेरी घोड्याचा न्या. दाबला की हवा आणि रंग एकदमच. चुका कमी."

"दुहेरी द्या. दाबला की हवा, मागे ओढला की रंग. वाटी वर. सुई शून्य पॉइंट तीनची." मी एका दमात म्हणून दाखवलं.

त्याने मुकाट्याने खोकं काढलं. "रंग दुधासारखा पातळ करा. नळीच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळा, नाहीतर हवा गळते आणि कॉम्प्रेसर मनाला येईल तेव्हा सुरू होतो. आणि फवारा बाहेर ओढणारा पंखा—"

"टेप प्लंबर लावतात! आणि पंखा कशाला? मी खिडकी बंद ठेवणार आहे."

त्याने चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं. "साहेब, फवाऱ्यातला निम्माच रंग वस्तूवर बसतो."

"आणि निम्मा?"

"तो खोलीभर फिरतो. जिथे काही असेल तिथे बसतो. एरवी न दिसणाऱ्या गोष्टी मग दिसायला लागतात." जरा थांबून तो म्हणाला, "कोपऱ्यातली जाळीबिळी."

मी हसलो. तो हसला नाही.

काम करायला मागची खोलीच सोयीची होती. तिला मागच्या जिन्याचं स्वतंत्र दार आहे. माझी शाळा बाराला सुटते. घरी मी सांगून टाकलं, "तीन आठवडे जादा तास आहेत, साडेचारला येईन." बायको शिवणाचे वर्ग घेते, ती एक ते पाच बाहेर. आई दोन ते चार पुढच्या खोलीत झोपते. मी चपला जिन्यात काढायचो, अनवाणी आत शिरायचो, तोंडावर मास्क, डोळ्यांवर भिंगाचा चष्मा, खिडकी बंद आणि टेबलावरचा दिवा तेवढा चालू. टेबल भिंतीला लागून, बरोबर कोटाखाली. काम झालं की सगळ्यावर जुनी चादर टाकायची आणि जिन्याने खाली उतरून, पुढच्या दाराने शाळेतून दमून आल्यासारखं घरात यायचं!

पहिल्या दिवशी राखाडी अस्तराचा रंग वाटीत घातला, घोडा दाबला, मागे ओढला. फुस्स! काय सांगू तुम्हाला! दिव्याच्या उजेडात राखाडी धुकं उठलं आणि थोरली त्यातून हळूहळू पुढे आली. क्षणभर वाटलं, आता शिट्टी होणार. त्या धुक्यात वरचा कोटही किंचित हलल्यासारखा वाटला. फवाऱ्याची हवा, दुसरं काय!

तिसऱ्या दिवशी साडेपाच वाजता आम्ही तिघं चहा घेत होतो. मागच्या बंद खोलीतून आवाज आला. घर्रर्रर्र… आणि मग एक लांब फुस्स.

बायकोचा कप अर्ध्यावर थांबला. "अहो, काय झालं ते?"

मला नेमकं ठाऊक होतं काय झालं ते! बटण बंद करायचं राहिलं होतं, नळी गळत होती, टाकीतला दाब उतरला की कॉम्प्रेसर आपला आपण सुरू होत होता. पण गुपित कसं फोडणार?

"पाण्याची मोटर असेल खालच्यांची," मी म्हणालो.

"मागच्या खोलीत?"

आई कप खाली ठेवून दाराकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "वाफ सोडल्यासारखं वाटलं. दुपारीपण ऐकू येतं मला. झोपेत वाटायचं."

माझ्या पाठीतून एक शिरशिरी गेली. कारण ठाऊक असूनसुद्धा गेली! त्या संध्याकाळपासून रोज बटण बंद करायचं असं ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विसरलो.

पुढचं प्रकरण दुधाचं. 'दुधासारखा पातळ' म्हणजे किती पातळ? मी अभ्यासू माणूस! अंदाजपंचे कारभार मला चालत नाही. म्हणून रोज स्वयंपाकघरातून अर्धा मग दूध आणायचो, एक थेंब दुधाचा आणि एक रंगाचा काचेवर सोडायचो आणि कोणता कसा ओघळतो ते बघायचो. उरलेलं दूध पिऊन टाकायचो, वाया का घालवा? एखाद्या दिवशी विसरायचो, तेवढंच. तो मग खोलीतल्याच फळीवरचा होता. बाबांचा. बाबा ड्यूटीवर जाण्याआधी त्याच मगातून थंड दूध प्यायचे, हे काही त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही.

आवाज कसला ते बघायला बायको एकदा हिय्या करून त्या खोलीत डोकावली. बाहेर आली ती पांढरीफटक!

"अहो, बाबांचा मग कोटाखाली ठेवलाय. दूध आहे त्यात! आई ठेवतात की काय?"

"चादरीखाली बघितलंस का काही?" मी घाबरून विचारलं.

"माझी काय हिंमत! कुणाच्या अंगावर टाकल्यासारखी दिसत होती ती चादर!"

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा बघितलं. मग रिकामा होता आणि कडेवर राखाडी बोटांचे ठसे होते. तो गुरुवार होता. गुरुवारी शाळेत खरोखरचीच मीटिंग निघाल्यामुळे मी खोलीत पाचच मिनिटं गेलो होतो आणि मी दूध प्यायल्याचं मला काही केल्या आठवत नव्हतं. पण मीच प्यायलो असणार. दुसरं कोण पिणार?

आता सासू म्हणे सून ठेवते, सून म्हणे सासू ठेवते. दोघी एकमेकींशी जपून बोलायला लागल्या, आणि मी मधे बसून भोळा चेहरा करून बिस्किटं खायचो.

आणि मग पावलं! त्या शुक्रवारी संध्याकाळचं ऊन तिरपं आत आलं आणि फरशीवर राखाडी पावलं उमटलेली दिसली. मागच्या खोलीच्या दारातून निघालेली, स्वयंपाकघरात फ्रिजपर्यंत गेलेली आणि परत त्याच खोलीत शिरलेली. अनवाणी. हवेतला रंग वाळून, भुकटी होऊन जमिनीवर बसतो, हे मला तीन महिन्यांच्या अभ्यासात कुणी सांगितलं नव्हतं! दुकानदाराने सांगितलं होतं, पण ते मी ऐकलं नव्हतं.

बायकोच्या गळ्यात शिवणाची टेप होतीच. भीतीने दात वाजत असतानाही तिने वाकून माप घेतलं. "दहा इंच आणि एक सूत."

आई गुडघ्यावर हात ठेवून वाकली. खूप वेळ बघत राहिली. "अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा मोठं आहे," ती म्हणाली. "त्यांचंच पाऊल."

मी माझे पाय खुर्चीखाली ओढून घेतले. ते बोट आमच्याकडे वडिलोपार्जित आहे.

त्याच संध्याकाळी आईने ताईला फोन केला. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. दवाखान्यात हेड नर्स आहे, त्यामुळे सगळं जग तिच्या वॉर्डात असल्यासारखं वागते. फोनमधून तिचा आवाज मला तीन हातांवरून ऐकू येत होता. "रविवारी वाढदिवसाला येतेच आहे मी. बॅग भरून ठेव. त्या घरात आता एक दिवस राहायचं नाही! कायमची माझ्याकडे चल. आणि चिमण्याला म्हणावं, घरात काय चाललंय याची शुद्ध आहे का तुला?" चिमण्या म्हणजे मी. वय वर्षं अठ्ठेचाळीस!

मला वाटलं, आई नाही म्हणेल. आई म्हणाली, "येते."

फोन ठेवल्यावर मी तिच्याजवळ बसलो. "आई, घाबरलीस?"

"त्यांना कशाला घाबरू?" तिचे डोळे भरले होते. "पण तूच बघ. रोज येतात. दूध पितात. घरभर फिरतात. दोन खोल्यांपलीकडे मी झोपलेली असते, माझ्यापर्यंत मात्र येत नाहीत. अजून टोपीच शोधतायत रे. मी आहे म्हणून बोलत नाहीत. मी गेले तर त्यांना तरी सुखाने बसता येईल."

तेव्हाच सगळं सांगून टाकायला हवं होतं. जीभ अगदी ओठांपर्यंत आली होती. पण थोरलीच्या बॉयलरचा शेवटचा काळा हात आणि धुराड्यावरची काजळी एवढंच राहिलं होतं. एका दिवसाचा तर प्रश्न! रविवारी थोरली हातात देईन, खुलासा करीन, सगळे हसतील, बॅग रिकामी होईल. माझी हौस मला नडली. आई रात्रभर कूस बदलत होती आणि मी तिला तशी राहू दिली, याची लाज मला अजून वाटते.

रविवारी सकाळी ताई आली. चपला काढायच्या आधीच म्हणाली, "बॅग कुठे आहे?"

"आधी सगळे मागच्या खोलीत चला," मी म्हणालो.

आई दारात अडली. मी तिचा हात धरला आणि तीन वर्षांनी तिने त्या खोलीत पाऊल टाकलं. अंधारात मी टेबलावरचा दिवा लावला, जादूगाराच्या थाटात चादर ओढली आणि वर्गात शिकवतो तसं शिकवायला सुरुवात केली. हा कॉम्प्रेसर, म्हणजे आवाज. हा मग, म्हणजे रंगाची परीक्षा. हे माझे पाय, बघा बोट! बायको आधी रडली, मग तिने मला टेपनेच एक फटका दिला. ताई म्हणाली, "चिमण्या, तुला दवाखान्यात दाखल करायला हवं."

मी थोरली उचलून आईच्या हातात ठेवली. "वाढदिवसाची भेट. बाबांची थोरली!"

आईने ती दिव्यापुढे धरली. सगळीकडून निरखली. तीन महिन्यांचा अभ्यास, आठ महिन्यांची मेहनत, शेवटच्या दिवशी केसाच्या जाडीने मारलेली काजळी!

"ही एवढी मळकी का?" आई म्हणाली.

"मळकी नाही, आई! काजळी आहे ती. खरी वाटावी म्हणून—"

"थोरलीवर काजळी? डोळे फुटले का तुझे? एक डाग राहू देत नव्हते ते. मला कधी नवं लुगडं आणलं नसेल, पण थोरलीला रोज तेलाने पुसायचे! सूनबाई, ओला फडका आण बघू."

आणि माझ्या डोळ्यांदेखत आईने धुराडं खसाखसा पुसायला घेतलं! रंग वाळलेला नव्हता. काजळी गेली, तिच्याखालचा काळा गेला, राखाडी अस्तर दिसायला लागलं. पण आई पुटपुटत, दात ओठ खाऊन पुसत होती आणि तीन वर्षांत प्रथमच तिच्या आवाजात पूर्वीची धार होती. मी तिला पुसू दिलं.

"काही दिसत नाही इथे," ती म्हणाली. "खिडकी उघडा."

ताईने खिडकी उघडली. तीन आठवड्यांनी त्या खोलीत ऊन आलं. सगळी भिंत राखाडी झाली होती.

"अगं बाई, बाबांच्या कोटाची काय दशा केलीस रे!" म्हणत ताईने कोट खुंटीवरून काढला. आणि दोन पावलं मागे सरली.

भिंतीवर माणूस उभा होता. राखाडी धुक्यात पांढराशुभ्र. रुंद खांदे, दोन्ही बाजूंना सरळ सोडलेले हात, गुडघ्यापर्यंत उतरलेला कोट.

बायकोने माझा दंड इतक्या जोरात धरला की नखं रुतली. "घाबरू नका!" मी म्हणालो. माझा आवाज चिरका निघाला. "साधी गोष्ट आहे. कोट होता तिथे रंग पोचला नाही, म्हणून भिंत पांढरी राहिली. आम्ही रंगारी याला मास्किंग म्हणतो. जे मधे असतं त्याचा आकार उमटतो. बस्स!"

आई थोरली पोटाशी धरून भिंतीकडे बघत होती.

"कोटाचं कळलं," ती म्हणाली. "पण टोपी?"

मी मान वर केली. खांद्यांच्या वर वीतभर राखाडी धुकं होतं, जिथे चेहरा असायला हवा तिथे. आणि त्याच्या वर, वरच्या खुंटीवर, पुढे आलेल्या टोकासकट टोपीचा पांढरा आकार होता. दिव्याचा उजेड कधी तिथवर गेलाच नव्हता, आणि मी तीन आठवडे नाकासमोर भिंग लावून खाली मान घालून बसलो होतो.

"तिथे टोपी कुठे होती?" ताई म्हणाली. "बाबांची टोपी तर हरवलेली ना?"

"हरवली नव्हती," आई म्हणाली. "मी लपवली होती." आणि ताईसमोर, सुनेसमोर तिने सगळं सांगितलं. आठ दिवस, पिठाचा डबा, "मला काय माहीत?" सगळं. ताई, जी रुग्ण गेले तरी डोळ्यांत पाणी आणत नाही, ती खाली बसून रडली.

मग आईने गळ्यातला दोरा काढला आणि आम्ही सगळे ट्रंकेपाशी गेलो. कुलूप गंजलं होतं, दोनदा फिरवावं लागलं. तळाशी पांढऱ्या कापडात टोपी होती. घडी नीट होती. कापड स्वच्छ होतं. पण टोपीच्या पुढच्या अर्ध्या भागावर राखाडी रंगाची बारीक भुकटी बसली होती.

बायकोने टोपीचं माप घेतलं. मग मागच्या खोलीत जाऊन, स्टुलावर चढून भिंतीवरच्या आकाराचं घेतलं. खाली उतरून ती म्हणाली, "एका सुताचाही फरक नाही."

"आई," मी म्हणालो, "तूच अडकवलीस ना? खरं सांग."

"वरच्या खुंटीला माझा हात पोचतो का रे?" आई म्हणाली. ती पाच फूटसुद्धा नाही. तिने टोपी ओठांना लावली, आणि हसली. इतकं मोकळं हसली की आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. "सापडली म्हणायची एकदाची!"

"आई, निघायचं ना?" ताईने विचारलं.

"कुठे? आता टोपी मिळाली म्हणजे त्यांचं रोजचं जाणं-येणं सुरू होणार. घरात कुणी नको? आणि थोरली अजून पुसून व्हायची आहे. चिमण्या, ही टोपी वर अडकव. आणि मगात दूध ठेवत जा. बंद करू नकोस."

बॅग मीच रिकामी केली.

त्या गोष्टीला आता चार महिने झाले. कॉम्प्रेसरच्या आट्यांना मी पांढरी टेप गुंडाळली आहे, रंगकाम गच्चीवर हलवलं आहे आणि मागच्या खोलीत शिरताना दारावर टकटक करतो. दूध रोज ठेवतो. ते कोण पितं, यावर घरात चर्चा करायची नाही असं ठरलं आहे. भिंतीला चुना लावू द्यायला आई तयार नाही.

एक गोष्ट मात्र मला आतल्या आत खाते. परवा भिंग घेऊन मी तो टोपीचा आकार नीट तपासला. कड केसाइतकी रेखीव. कुठे ओघळ नाही, कुठे शिंतोडा नाही. माझ्या थोरलीवर सात ओघळ आहेत आणि बॉयलरच्या रंगात एक माशी कायमची चिकटली आहे. घरात एअरब्रशचं बिनचूक काम एकच झालंय, तेही बाबांचं, पहिल्याच प्रयत्नात! आणि तीन महिने अभ्यास मी केला होता.